‘सचोटी’ला किती मिनिटं लागतात?

सदर : हँडओव्हर

पत्र :

“नमस्कार. मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात मी ट्यूटर आहे. राहते कल्याणला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून कॉलेजची ‘ध्येय आणि मूल्ये’ नव्याने लिहायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलंय. मी बऱ्याच कॉलेजांच्या पाट्या वाचल्या. सगळीकडे तेच : करुणा, सचोटी, सन्मान, उत्कृष्टता, नावीन्य, सामाजिक बांधिलकी. मीही तेच शब्द इकडेतिकडे करून लिहिले आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या वर्गात वाचून दाखवले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, काल वॉर्डात ज्यांचं बीपी घेतलंच नाही त्यांचाही चार्ट आम्हाला भरायला लावला. मग सचोटी कुठे बसते?’ वर्ग हसला. मला काही सुचेना, मी विषय बदलला. मसुदा द्यायला तीन आठवडे उरलेत. काय लिहू? की असल्या पाट्यांना मुळात काही अर्थच नसतो? – एक ट्यूटर”

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

वर्ग हसला हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. मला मात्र तो वर्ग आवडला. तिसऱ्या सेमिस्टरला मुली अजून विचारतात. आठव्याला पोचेपर्यंत त्यांचं विचारणं थांबतं आणि रकाने झपाझप भरणं जमायला लागतं. मग कोणीतरी कौतुकाने म्हणतं, बॅच तयार झाली. तेव्हा त्या मुलीला मसुद्याच्या समितीत घ्या, आणि पुढच्या तासाला तिच्या प्रश्नाचं उत्तरही द्या. तुमचं लिखाण त्या प्रश्नापाशीच अडलंय.

उत्तर द्यायला घड्याळ लागेल. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, असं आपणच शिकवतो. श्वासही एक मिनिट, आणि तो रुग्णाला न सांगता, मनगट धरलेलं असतानाच, कारण सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मग तापमान, बीपीचा कफ बांधणं-सोडणं, नोंद, आणि पुढच्या खाटेकडे जाण्याआधी हात निर्जंतुक करणं. घाई न करता केलं तर रुग्णामागे पाच मिनिटं धरा. चाळीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डात याची २०० मिनिटं होतात, म्हणजे तीन तासांहून जास्त. मुली सकाळी आठला वॉर्डात शिरल्या आणि राउंड नऊला असला तर हाताशी एक तास. चौघी असतील तर धावतपळत होईल. दोघी असतील तर चाळीसांतले सोळा चार्ट मनानेच भरले जाणार, दुसरं काही होऊच शकत नाही.

म्हणून श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २० दिसतात. दम्याच्या आजोबांना २०, न्यूमोनियाच्या पोराला २०, उद्या घरी जाणाऱ्या बाईलाही २०. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही हा रकाना अनोळखी नाही. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की रुग्ण बिघडायला लागला की सगळ्यात आधी ज्या खुणा बदलतात त्यांत श्वासाचा वेग असतो. नेमका तोच आकडा आपण अंदाजाने टाकतो.

त्या मुलीला सचोटी शिकवायची गरज नाही, तिने ती भर वर्गात दाखवली. तिला हवी होती मिनिटं. ती मिळवून देणं तिच्या हातात नव्हतं. तुमच्या कॉलेजच्या हातात होतं.

वर्गात सरळ सांगा : जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. रकाना कोरा ठेवायचा, कोरा का आहे ते इन्चार्ज सिस्टरना सांगायचं आणि नर्सेस नोट्समध्ये तशी ओळ टाकायची. कोरा रकाना पाहून डॉक्टर चिडतील, पण मोजायला लावतील. खोटे २० पाहिले तर ते पुढच्या खाटेकडे वळतील. मात्र एवढंच सांगून वर्गाबाहेर पडलात तर तुम्ही त्या पोरीला एकटीला पुढे ढकललंत. ओरडा ती खाणार, शेरा तिच्या केस बुकावर येणार. तिच्या पाठीशी कोण उभं राहील, ते मूल्यांच्या कागदावर असायला हवं, आणि तिथेच ते कधी नसतं.

मसुद्यासाठी माझी कसोटी ही एकच. प्रत्येक ओळ वाचा आणि विचारा, यात कॉलेज स्वतःवर काय घेतंय? ओळ फक्त विद्यार्थिनीने कसं असावं एवढंच सांगत असेल तर ती काढून टाका. ‘आमची परिचारिका करुणामय, प्रामाणिक आणि कर्तव्यदक्ष असेल’ हे वाक्य कॉलेजला एक रुपयाही खर्चात पाडत नाही. ‘सकाळच्या पोस्टिंगला एका विद्यार्थिनीकडे किती रुग्ण हे आमचे शिक्षक ठरवतील, आणि न मोजलेला आकडा न लिहिल्याबद्दल तिला कोणी बोललं तर तिच्या बाजूने ट्यूटर बोलेल’, हे वाक्य लिहिलं की प्राचार्यांच्या कपाळावर आठी पडेल. आठी पडली की समजा, ओळ कामाची आहे.

तुम्ही ‘विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज’ असं लिहिलंत. त्यातला ‘विद्यापीठाचं’ हा भाग आपल्याकडे फार सहज घेतला जातो. तो कशासाठी मिळवला गेला ते मुलींना सांगावं असं मला नेहमी वाटतं, म्हणून जरा वाट वाकडी करते.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेलबाईंच्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली आणि तो नमुना जगभर गेला. पण जिथे जिथे गेला तिथे बहुतेक ठिकाणी एक गोष्ट घडली : शाळा रुग्णालयाची, म्हणून विद्यार्थिनी रुग्णालयाचं मनुष्यबळ. राहायला-जेवायला मिळायचं, विद्यावेतन मिळायचं, आणि शिकण्याच्या नावाखाली पाळ्या भरल्या जायच्या. अमेरिकेत १९२३ साली गोल्डमार्क अहवालाने यावर बोट ठेवलं, की शिक्षण आणि रुग्णालयाची मनुष्यबळाची गरज एकाच हातात राहिली तर दरवेळी शिक्षणच हरतं. आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवीचं नर्सिंग सुरू झालं ते १९४६ साली. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवालही त्याच वर्षीचा. देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे, असं त्यात नोंदवलेलं आहे. मुंबईत १९६४ साली एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज उभं राहिलं. विद्यापीठ त्याच्या कितीतरी आधीचं, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं. बाईने शिकावं हे ज्यांना लोकांना पटवून द्यावं लागलं त्यांच्या विद्यापीठात पुढे नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम आला, याचं मला अप्रूप आहे.

तर विद्यापीठात येण्याचा अर्थ एवढाच, की वॉर्डात मुलगी शिकायला उभी आहे हे कोणीतरी अधिकाराने म्हणू शकेल. पण विद्यापीठाचं नाव लागलं म्हणून वॉर्डाची भूक कमी होत नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हे प्रमाण आपल्या पुस्तकात आहे. त्यातलं किती प्रत्यक्षात आहे ते कल्याणहून रोज येणाऱ्या ट्यूटरला मी सांगायला नको. इन्चार्ज सिस्टर चार्ट भरायला लावते तेव्हा ती दुष्ट नसते. तिच्या दोन स्टाफ सुट्टीवर असतात, एक ओटीला पळवलेली असते, आणि समोर गणवेशातल्या दहा मुली आयत्या उभ्या दिसतात. तिच्याविरुद्ध लेखी तक्रार हा पहिला उपाय करू नका. आधी तिच्याबरोबर चहा घ्या आणि हे २०० मिनिटांचं गणित तिच्यासमोर मांडा. ती तुमच्या बाजूची निघायची शक्यता मोठी आहे, कारण हाच हिशेब ती मेट्रनना वर्षानुवर्षं सांगत आली असेल.

आपल्या अभ्यासक्रमात मूल्यं आहेत, नाहीत असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात चौथ्या सेमिस्टरला ‘व्यावसायिकता, मूल्यं आणि नीतिशास्त्र’ असा २० तासांचा विषय आहे. चांगलं झालं. पण मला त्यापेक्षा एक जुना, रुक्ष नियम जास्त बोलका वाटतो : परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडायच्या आधी प्रत्येक क्लिनिकल भागाची हजेरी १०० टक्के भरून द्यावीच लागते. मुली या नियमाला शिव्या घालतात. आजारपण, लग्नकार्य, पावसात बंद पडलेली लोकल, सगळ्याचे तास भरून काढावे लागतात. पण हा नियम लिहिणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते पाहा, की वर्गात बुडलेलं घरी वाचता येतं, खाटेजवळ बुडलेलं कुठे वाचणार? यात ‘उत्कृष्टता’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तुमचा मसुदा अशा नियमांच्या जवळ जायला हवा. (आणि तेवढ्यासाठी, बुडलेले तास भरायला आलेल्या मुलीला स्टोअरमधला स्टॉक मोजायला बसवायचं नाही, अशीही एक ओळ टाका. मला त्याचा विशेष आनंद होईल.)

आता ‘सन्मान’. हा शब्द मुंबईत फार मोठा आहे, त्याला जास्त जागा द्या.

आपल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत गर्दीच्या दिवसांत दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून रुग्ण झोपवलेला असतो. त्याला खाटेचा नंबरही नसतो. खाटेवरचा निदान ‘चौदा नंबर’ असतो, खालचा ‘चौदाच्या खालचा’. सन्मानाचा पहिला धडा इथेच आहे, की माणसाला नावाने हाक मारायची, आणि वयाने मोठ्यांना काका, मावशी, बाबा, चाचा, जे त्यांच्या तोंडी असेल ते म्हणायचं. दुसरा धडा भाषेचा. एकाच वॉर्डात लालबागची आजी, भिवंडीहून आलेला पूर्वांचलचा यंत्रमाग कामगार, मशीद बंदरचे कच्छी शेठ आणि गोवंडीची पंधरा वर्षांची पोर. आपल्या केरळच्या सिस्टर इथे येऊन अशी मराठी शिकल्या की डोळे मिटून ऐकलं तर कोल्हापूरच्या वाटाव्यात. त्यांच्या वेळी कोणत्याही पाटीवर ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ लिहिलेलं नव्हतं. आज आपल्याच मुलींना ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अंगठा घेताना, त्या माणसाला नक्की काय कळलं हे विचारायची सवय आहे का? ‘सही झाली का?’ हे विचारलं जातं. ‘उद्या तुमचं काय करणार आहेत ते मला सांगा बरं’ असं विचारलं जात नाही. त्याला आणखी दोन मिनिटं लागतात.

तिसरा धडा पडद्याचा. कॅथेटर घालायचा, बेडपॅन द्यायचं, स्पंजिंग करायचं, आणि स्क्रीन एकच, तोही पलीकडच्या टोकाला, एक चाक मोडलेला. ज्या वॉर्डात मुली पाठवता तिथे स्क्रीन किती आहेत ते या आठवड्यात मोजून या. कमी असतील तर ते विकत घेणं कॉलेजला परवडतं का, हे विचारून या. परवडत असेल तर मसुद्यात लिहा, ‘आमच्या विद्यार्थिनी पडद्याशिवाय एकही प्रोसिजर करणार नाहीत आणि पडदा कॉलेज देईल.’ नॅकच्या समितीला हे दाखवता येतं. करुणा दाखवता येत नाही.

‘करुणा’ म्हटलं की मुंबईत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर केईएम येतं, आणि तुमच्या मसुद्यातही कोणीतरी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण घाला म्हणेल. घालाच. पण कोणत्या बाजूने घालता ते नीट ठरवा. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यांमागून पिढ्या त्यांना सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून, पाठ पाहून, त्वचा कोरडी ठेवून जपावं लागतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात घेतली. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हा विरोधाला परिचारिकाच उभ्या राहिल्या. मागे येणाऱ्या मुलींनी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, तरी त्यांच्यासाठी त्या ‘आपल्या’ होत्या. करुणेची याहून मोठी नोंद मला माहीत नाही.

पण गोष्टीची दुसरी बाजू पाट्या लिहिणारे विसरतात. त्या संध्याकाळी अरुणाताई ड्यूटी संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या. परिचारिकेने कपडे कुठे बदलायचे याची धड सोय तिथे नव्हती. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, आणि त्यांच्या मागण्यांत स्वतःच्या कामाच्या जागेच्याही मागण्या होत्या. म्हणून माझं म्हणणं, त्यांचं नाव करुणेच्या ओळीत घालायचं असेल तर त्याच्या आधी एक ओळ चेंजिंग रूमची घाला. आतून कडी लागणारी, दिवा चालू असलेली, वॉर्डाच्या जवळची. दुसरी ओळ घरी जायच्या वाटेची. दुपारच्या पाळीची मुलगी रात्री नऊनंतर सुटते, परळहून दादरला चालत जाते, आणि बदलापूर-टिटवाळ्याला पोचेपर्यंत अकरा वाजतात. सकाळची पाळी पुन्हा सातला असेल तर ती झोपते कधी? रोस्टर लावताना दुपारच्या पाठोपाठ सकाळ लावायची नाही, एवढं कॉलेज ठरवू शकतं. कल्याणला राहता, तेव्हा हे तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको. ज्या कॉलेजला आपल्या मुली नीट घरी पोचतात का हे माहीत नाही, त्याने रुग्णांच्या कल्याणाच्या गोष्टी पाटीवर लिहू नयेत.

‘धैर्य’ हा शब्दही येईल, आणि त्याबरोबर कामा रुग्णालय. २६/११च्या रात्री तिथे ड्यूटीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी वीसेक गरोदर बायकांना वॉर्डातल्या पॅन्ट्रीत हलवलं, आणि बाहेर गोळीबार चालू असताना कळा सुरू झालेल्या एकीला प्रसूतिकक्षापर्यंत पोचवलं. पुढे कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या रात्रीबद्दल बोलल्या. हे शौर्यच आहे. पण नर्सिंग शिकवणारी म्हणून मला त्यात आणखी एक दिसतं. पॅन्ट्री कुठे आहे, तिथे किती बायका मावतील, कोणाला कळा येऊ शकतात, कोणाचं बीपी चढलेलं आहे, हे सगळं त्या क्षणी डोक्यात असावं लागतं. वॉर्ड हातात घेताना खाटेखाटेजवळ उभं राहून आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, म्हणजे हँडओव्हर, घेतलेल्या बाईलाच ते माहीत असतं. मुलींना आपण ‘धैर्यवान व्हा’ म्हणून सांगू शकत नाही. खाटेजवळ उभं राहून हँडओव्हर घ्यायला मात्र रोज लावू शकतो. त्याच कामा रुग्णालयाबद्दल आणखी एक सांगा. ते १८८६ साली सुरू झालं, बायकांसाठी. आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत भारतातल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिकांमध्ये बाई काशीबाई गणपत हे नाव येतं, १८९१ सालचं. या शहरात हा धंदा बायकांनी कोणाकोणाचे बोल खाऊन उभा केला असेल त्याची कल्पना तेवढ्या नावावरून येते. मुली ते नाव परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात.

काही शब्द गाळा, फार विचार न करता. ‘देवदूत’ गाळा. २२ मार्च २०२०ला याच शहरात गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, आणि त्याच आठवड्यांत नर्सला भाड्याची खोली सोडायला सांगणारे घरमालकही याच शहरात निघाले. देवदूताला खोली लागत नाही, पगार लागत नाही, रजा लागत नाही. माणसाला लागते. ‘त्याग’ त्याच कारणासाठी गाळा. ‘नावीन्य’ आणि ‘जागतिक दर्जा’ हे लग्नाच्या हॉलवरच्या ‘स्वागतम्’सारखे आहेत, लावले काय आणि काढले काय. मुली परदेशी जाणार आहेतच. जर्मन भाषेचे वर्ग भरून वाहताहेत आणि त्यात काही चूक नाही. त्यांच्याबद्दल लिहायचंच असेल तर सरळ लिहा, की जिथे जाल तिथे आमचं प्रमाणपत्र पाहून तुमच्या हाताखाली रुग्ण द्यायला कोणी कचरणार नाही, एवढं आम्ही शिकवू.

‘आज्ञाधारकता’ कुठे शिल्लक असेल तर तीही काढा. दीप प्रज्वलनाच्या दिवशी मुली जी ‘नाइटिंगेल शपथ’ घेतात ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती तयार केली. डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करीन असं तिच्यात आहे. चुकीची ऑर्डर दिसली तर विचारीन असं नाही. आज पोटॅशियमचा डोस दहापट लिहिला गेला तर निवासी डॉक्टरला रात्री दोनला उठवून ‘सर, एकदा बघता का?’ म्हणणारी मुलगी हवी. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३पासून आहे, २०२१ला ती पुन्हा नव्याने लिहिली गेली, आणि रुग्णाला धोका दिसला तर बोलायची जबाबदारी तिने परिचारिकेवर स्पष्ट टाकली आहे. शपथ ठेवा, दिवे लावताना छान वाटतं, आयांचे डोळे भरून येतात. पण वर्गात संहिता वाचा. आणि मसुदा करताना ‘ती’बरोबर ‘तो’ही येऊ द्या. तुमच्याकडे मुलगे असतील तर वॉर्डातले ‘ब्रदर’ पाटीवर आल्याशिवाय राहू नयेत.

कामाला कसं लागायचं, तेवढं सांगते.

पहिला आठवडा काही लिहू नका. तिसऱ्या आणि सातव्या सेमिस्टरच्या थोड्या मुलींना रोज एक नोंद करायला सांगा : आज वॉर्डात असं काय झालं जे पुस्तकाप्रमाणे करता आलं नाही, आणि कशामुळे? नाव न लिहिता. तुम्हाला वाटेल तक्रारींचा ढीग येईल. बहुतेक चिठ्ठ्यांत माणसाचं नाव नसेल. वेळ नव्हता, ग्लोव्हज संपले होते, मॅडम दुसऱ्या वॉर्डात होत्या, असंच असेल. शिक्षक आणि विद्यार्थी यांचं १:१० हे प्रमाण कौन्सिलने घातलंय. ते वर्गखोलीच्या कागदावर जुळतं आणि सकाळी सव्वाआठला तीन मजल्यांवरच्या पाच वॉर्डांत विखुरतं. त्या चिठ्ठ्यांत तुमची मूल्यं आपोआप सापडतील. जे पुन्हा पुन्हा येतंय ते घ्या. चार पुरेत. सहा झाली की कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि नॅकसमोर मुलीला विचारलं तर ती चौथ्यापाशी अडखळते.

दुसऱ्या आठवड्यात मसुदा लिहा आणि प्राचार्यांच्या आधी तीन जणींना दाखवा : एक इन्चार्ज सिस्टर, एक वॉर्डातली मावशी, आणि नुकती पास होऊन नोकरीला लागलेली एक माजी विद्यार्थिनी. मावशींना का, असं तुमच्या मनात येईल. मुली रुग्णाशी कशा बोलतात ते ट्यूटरसमोर वेगळं असतं. मावशीसमोर असतं ते खरं असतं.

प्राचार्य म्हणतील, एवढं बारीक कशाला, चार शब्द पुरेत. वाद घालू नका. दारावरच्या पाटीवर शब्द चारच ठेवा, त्यांच्या आवडीचे असले तरी चालतील. पण त्याला जोडून एक पान करा, ‘यासाठी कॉलेज काय करतं’. नॅकच्या सहाव्या निकषात ध्येय आणि कारभार यांचा मेळ पाहतात, सातव्याच्या नावातच संस्थात्मक मूल्यं आहेत. तिथे पुरावा लागतो, आणि पुरावा चार शब्दांतून येत नाही. रोस्टर, स्क्रीनची पावती, कोऱ्या रकान्याबद्दल ट्यूटरने काढलेलं परिपत्रक, हे त्या फाइलमध्ये लावता येतं. प्राचार्यांना ही भाषा लगेच कळेल.

आणि ते पान तरीही नाकारलं गेलं तर? होऊ शकतं. रुग्णालयाचा कारभार तुमच्या हातात नाही, कदाचित कॉलेजच्याही पूर्ण हातात नाही. तेव्हा कॉलेजच्या नावाने खोटी ओळ लिहू नका, आणि तुमच्या पोस्टिंगपुरतं जे तुम्ही ठरवू शकता ते ठरवा : मुलींना रुग्ण वाटून द्या, प्रत्येकीला तीन किंवा चार, आणि तेवढ्यांचंच सगळं पूर्ण करून घ्या. उरलेल्यांचं काय, असं इन्चार्ज विचारतील. ते स्टाफचं काम आहे, हे हसून पण ठामपणे सांगायला लागेल. एकदा वाईट दिसाल. दोनेक आठवड्यांत त्यांना कळतं की या मुलींनी मोजलेलं पुन्हा मोजावं लागत नाही. मग त्याच तुमच्या मुली मागून घेतात.

शेवटचं, पाटी कुठे लावायची ते. कॉलेजच्या दारात लागेलच, शिवाय तिची मराठी आणि हिंदी प्रत वॉर्डाबाहेर, नातेवाईक बसतात त्या बाकासमोर लावता येते का विचारा. आपल्या माणसाला पडद्याआड स्पंजिंग मिळायला हवं, आणि उद्या काय करणार ते कोणीतरी समजावून सांगायला हवं, हे त्यांनाही माहीत असू दे. रुग्णालय परवानगी देईल असं नाही. नाही म्हणालं तर कोण म्हणालं आणि काय कारण दिलं, ते ट्यूटर मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.